हिरोच्या मागे काय दिसतंय?

फोन हातात असेलच, तर इन्स्टाग्रामवर एखाद्या तरुण चित्रकाराचं पान उघडा. तुमच्या वर्गातल्या, गल्लीतल्या, आर्ट कॉलेजातल्या, कुणाच्याही. वरच्या नऊ चौकोनांत काय दिसतं? शाहरुख, विराट, धोनी, रोनाल्डो, 'बीटीएस'मधला एखादा मेंबर, एखादी गाजत असलेली नटी. पेन्सिलीचं काम एकदम जबरदस्त. दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा. डोळ्याच्या बाहुलीत फोटो स्टुडिओच्या दिव्याचं प्रतिबिंबसुद्धा सोडलेलं नसतं. खाली लिहिलेलं असतं, 'इतके तास लागले, टॅग करा, त्यांच्यापर्यंत पोहोचू दे.' आपण डबल टॅप करतो आणि पुढे सरकतो.

या पोरापोरींच्या हाताबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हात तयार आहे, मेहनत खरी आहे. तक्रार आहे ती चेहऱ्याभोवतीच्या पांढऱ्या कागदाबद्दल. तिथं काहीच नसतं. हिरो कुठे आहे, त्याच्याकडे कोण बघतंय, किती वाजलेत, पंखा चालू आहे की लाइट गेलीय, काही कळत नाही. फोटोतला चेहरा उचलला आणि कागदावर ठेवला, संपलं.

आता खरं सांगा, ही माणसं आपल्याला अशी पांढऱ्या पोकळीत कधी भेटतात का? धोनी भेटतो तो सलूनमध्ये, आरशाच्या बाजूला, कंगवे ठेवलेल्या बरणीच्या मागे. सलमान भेटतो रिक्षाच्या मागे, 'आईचा आशीर्वाद'च्या जोडीला. अमिताभ भेटतो हार्डवेअरच्या दुकानावरच्या बोर्डावर, तेलाच्या पाकिटावर, टीव्हीवर जेवताना. आणि चौकातला फ्लेक्स तर विचारूच नका. वर डावीकडे देव, उजवीकडे साहेब, मधोमध गॉगल घातलेला वाढदिवसाचा भाऊ आणि खाली पासपोर्ट साइझमध्ये तीसेक शुभेच्छुक. मोठी माणसं आणि आपलं रोजचं आयुष्य एका चौकटीत कसं बसवायचं, या प्रश्नावर आपल्याकडच्या फ्लेक्सवाल्यांनी जेवढं काम केलंय तेवढं क्वचितच कुणी केलं असेल. हसू येतं, पण त्यात आपलं जग आहे. पांढऱ्या कागदावरच्या त्या सुंदर चेहऱ्यात ते नाही.

गंमत म्हणजे जगभरातल्या ज्या चित्रकारांनी स्टार लोक रंगवून नाव कमावलं, त्यांचं सगळं लक्ष नेमकं या गोष्टीवर होतं. चेहऱ्याच्या शेजारी काय आहे यावर.

सूपचा डबा आणि मर्लिन

सुरुवात नेहमीच्या नावापासून करू. अँडी वॉरहॉल. ऑगस्ट १९६२मध्ये मर्लिन मन्रो गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वॉरहॉलने 'नायगरा' या १९५३च्या सिनेमाच्या प्रसिद्धीचा तिचा एक फोटो घेतला आणि सिल्कस्क्रीनने तो कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा छापला. 'मर्लिन डिप्टिक'मध्ये तिचा चेहरा पन्नास वेळा आहे. डावीकडे पंचवीस रंगीत, भडक. उजवीकडे पंचवीस काळे-पांढरे, कुठे शाई साचलेली, कुठे पुसट होत होत जवळजवळ गायब झालेली. बाई एकच, फोटो एकच. पण बघता बघता कळतं, की आपण तिला नाही, तिच्या छापील प्रतीला ओळखतो.

आणि त्याच वर्षी, मर्लिन जायच्या आधीच, वॉरहॉलने लॉस एंजेलिसच्या एका गॅलरीत कॅम्पबेल सूपच्या डब्यांचे बत्तीस कॅनव्हास लावले होते. एकेका चवीचा एकेक डबा. सूप कुठलं? अमेरिकन घरातल्या फळीवरचं, रोज दुपारी गरम करून प्यायचं. म्हणजे एका हाताने स्वयंपाकघर आणि दुसऱ्या हाताने पडदा. दोन्ही त्याने एकाच थंडपणे रंगवले. त्याचं म्हणणं चित्रातच दिसतं. डबा आणि तारका दोन्ही कारखान्यातून येतात, दोन्हींवर लेबल असतं आणि दोन्ही आपल्या घरात असतात. त्याच्या १९६४च्या एका मर्लिनला २०२२मध्ये लिलावात सुमारे साडेएकोणीस कोटी डॉलर मिळाले. हा आकडा ऐकून आपण 'बापरे' म्हणतो आणि सूपचा डबा विसरतो. तो विसरला की वॉरहॉल कळत नाही.

घाटकोपरचा 'बाजीगर'

आता घरी या. १९९३मध्ये 'बाजीगर' आला. पोस्टर आठवत नसेल तर शोधून बघा. शाहरुखचा चष्मा आणि चष्म्याच्या दोन काचांमध्ये दोन नायिका. पुढच्याच वर्षी घाटकोपरच्या अतुल डोडिया यांनी 'द बॉम्बे बकनियर' नावाचं चित्र केलं. पोस्टर तेच, पण शाहरुखच्या जागी डोडिया स्वतः. आणि चष्म्याच्या काचांमध्ये नायिकांऐवजी दोन चित्रकार, डेव्हिड हॉकनी आणि भूपेन खक्कर.

थांबा, हा नुसता विनोद नाही. जे.जे.मधून शिकलेला, उपनगरात राहणारा एक मध्यमवर्गीय चित्रकार इथं सांगतोय, की माझ्या डोक्यात बॉलीवूडही आहे आणि जगाची कलाही, आणि दोन्ही एकाच गर्दीत उभ्या आहेत. हिरो व्हायची हौस त्याला आहे, पण त्याचे हिरो वेगळे आहेत. आपल्यापैकी किती जणांना हे असं सांगता येईल? 'माझ्या चष्म्यात कोण दिसतंय?' या एका प्रश्नावर अख्खा वर्ग पंधरा-वीस वेगवेगळी चित्रं काढू शकेल.

याच डोडियांनी पुढे दुकानाच्या शटरवर चित्रं केली. मुंबईकराला शटर म्हणजे काय ते सांगायला नको. बंद, दंगल, संप, करोना, सगळं आपण शटर पडल्याच्या आवाजावरून ओळखलंय. २००१मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या प्रदर्शनात ही शटरं गेली. त्यानंतर त्यांनी केलेलं एक शटर विसरता येत नाही. बाहेरून बघाल तर कॅलेंडरवरची लक्ष्मी, राजा रविवर्मा परंपरेतली, कमळासकट. शटर वर सरकवलं की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी. आईवडिलांवर हुंड्याचा बोजा नको म्हणून.

लक्ष्मीइतकी घराघरांत पोहोचलेली 'आयकॉन' दुसरी कुठली असेल? तिच्या प्रतिमेला घराघरांत नेलं तेही आपल्याकडच्याच छापखान्याने. रविवर्मांनी १८९४मध्ये मुंबईत प्रेस काढला आणि नंतर तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथून निघालेले देव देवघरात, दुकानात, कॅलेंडरवर जाऊन बसले. डोडियांनी त्या ओळखीच्या चेहऱ्याची चेष्टा केली नाही. त्याच्या मागे घरात काय चाललंय ते फक्त उघडून दाखवलं. प्रसिद्ध प्रतिमा आणि रोजचं आयुष्य शेजारी ठेवलं की काय होतं, याचं यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही.

चेहरा पुसून टाकला तरी

पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन मुंबईत आले तेव्हा पोटासाठी सिनेमाची होर्डिंग रंगवत. अवाढव्य चेहरे, शिडीवर उभं राहून, चौरस फुटाच्या हिशेबाने. पुढे माधुरी दीक्षितवर ते किती फिदा होते हे तुमच्या आईबाबांना विचारा. 'हम आपके हैं कौन' त्यांनी कितीदा पाहिला याच्या कथा आहेत. तिची चित्रं केली आणि २०००मध्ये तिलाच घेऊन 'गजगामिनी' हा सिनेमाही केला.

पण मला त्यांची मदर तेरेसांवरची चित्रमालिका जास्त महत्त्वाची वाटते. जगातला इतका ओळखीचा चेहरा आणि हुसेन यांनी तो काढलाच नाही. पांढरी साडी, निळी किनार, पदराच्या आत काळोख आणि मांडीवर एक पोर. तरी कुणालाही विचारा, लगेच ओळखतील. ज्या माणसाने आयुष्याची सुरुवात बारा-बारा फुटी चेहरे रंगवून केली, त्याला चेहरा वगळण्याची ताकद कळली होती. किनार पुरते. पोर पुरतं. कुणाची काळजी घेतली जातेय, हे दिसलं की कोण घेतंय ते आपोआप कळतं.

तुमच्या आवडत्या क्रिकेटरचं चित्र चेहऱ्याशिवाय काढता येईल का? जरा डोकं लावून बघा.

आणि ज्यांना कुणी ओळखत नाही?

डोडियांच्या चष्म्यात दिसणारे भूपेन खक्कर मूळचे मुंबईचे, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. बडोद्याला गेले, अर्धवेळ हिशेबाची नोकरी करत राहिले आणि चित्रं काढत राहिले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी कोण रंगवलं? घड्याळ दुरुस्त करणारा. शिंपी. न्हावी. दुकानाचा बोर्ड, भिंतीवरची घड्याळं, कपाट, सगळं कॅलेंडरच्या गोड रंगांत, जणू तो दुकानदार म्हणजे एखादा देव किंवा फिल्मस्टार आहे. त्या काळी अनेकांना हे फार बाळबोध वाटलं. २०१६मध्ये टेट मॉडर्नने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तोवर ते जाऊन तेरा वर्षं झाली होती.

ठाण्याचे सुधीर पटवर्धन हे दुसरं टोक. पेशाने रेडिओलॉजिस्ट. दिवसा एक्स-रे बघायचे आणि उरलेल्या वेळात लोकल, इराणी हॉटेल, झोपडपट्टी, बांधकामं आणि त्यातली माणसं रंगवायचे. त्यांच्या चित्रात स्टार शोधून सापडणार नाही. पण त्यांच्या चित्रासमोर उभं राहिलं की आपण रोज ज्यांना धक्का मारून गाडीत चढतो, त्या माणसांचे खांदे, पाठी, थकलेली मान पहिल्यांदा दिसते.

याच दिशेने जाणारी आजची एक चित्रकार आहे, नायजेरियात वाढलेली आणि अमेरिकेत राहणारी न्जिडेका अकुन्यिली क्रॉसबी. ती घरातले साधे प्रसंग रंगवते. टेबल, सोफा, नवरा-बायको, जेवणाची भांडी. पण जवळ गेलात की भिंत, लादी, कपडे यांच्यावर शेकडो छोटे फोटो उमटलेले दिसतात. नायजेरियातले गायक, नट्या, मासिकांची कव्हरं, पुढारी आणि त्यांच्यातच घरच्या अल्बममधले लग्नाचे फोटो. स्टार लोक तिच्या चित्रात मध्यभागी नाहीत. ते वॉलपेपर आहेत. आपल्या आयुष्यात ते खरंच तसेच असतात ना? गाणं चालू असतं आणि आपण भाजी निवडत असतो.

म्हणून मला वाटतं, प्रश्न 'सेलिब्रिटी काढावा की सामान्य माणूस' असा नाहीच. दोघे एकमेकांशिवाय खोटे पडतात. चाहत्याशिवाय स्टार नाही आणि आपल्या रोजच्या दिवसातून सगळे स्टार काढून टाकले, तर तो दिवसही पुरता आपला राहत नाही.

सगळे 'आयकॉन' सारखे नसतात

इथं एक फरक करायलाच हवा. आपल्याकडे अनेक घरांत बाबासाहेबांचा फोटो असतो. निळा कोट, हातात पुस्तक किंवा बोटाने दाखवलेली दिशा. सावित्रीबाई असतात. शिवराय असतात. त्यांना 'सेलिब्रिटी' म्हणणं म्हणजे त्या घराला न ओळखणं. ज्या घरात वस्तीतली पहिली पदवी आली, तिथं त्या फोटोखाली दहावीची पुस्तकं रचलेली असतात. तो फोटो शोभेचा नसतो, त्या घराच्या कागदपत्रांसारखा असतो. अशा प्रतिमेसोबतचं रोजचं आयुष्य रंगवायचं, तर नुसता फोटो हुबेहूब उतरवून भागणार नाही. पुस्तकं काढावी लागतील. ट्यूबलाइट काढावी लागेल. रात्री अकरा वाजता तिथं बसलेली मुलगी काढावी लागेल. हे चित्र तुमच्याशिवाय कोण काढणार आहे? ज्यांच्या घरात ती भिंत आहे, त्यांनीच ना?

'पण लाइक मिळतात कशाला?'

ठीक आहे, हा आक्षेप मला ऐकू येतोय. घड्याळवाल्याच्या चित्राला बावीस लाइक, विराटला बावीसशे. शिवाय पोर्ट्रेटच्या ऑर्डरी येतात, त्यातून कागद-रंगाचा खर्च निघतो, कुणाची फीसुद्धा निघते. त्यावर नाक मुरडणाऱ्यांना महिन्याच्या शेवटी रंगाच्या दुकानात उभं करावं. ऑर्डरी जरूर घ्या. आपल्याकडे याला मोठी परंपरा आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर स्वतः चित्रकार होते, सिनेमे काढायचे आणि त्यांची पोस्टरंही रंगवायचे. कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांच्या ब्रशने 'मुघल-ए-आझम'ची जाहिरात झाली. त्या बॅनरवाल्यांच्या पिढ्यांनी पोट भरलं ते स्टारच्या चेहऱ्यांवरच. मग डिजिटल फ्लेक्स आला आणि बहुतेकांचं काम गेलं. हुबेहूब चेहरा हेच ज्याचं भांडवल होतं, त्याला मशीनने एका झटक्यात बाजूला केलं.

आता तुमच्या बाबतीत ती मशीन फोनमध्ये आलीय. नाव टाका, 'पेन्सिल स्केच' म्हणा, काही सेकंदांत चेहरा हजर. दाढीच्या केसांसकट.

दुसरी गोष्ट, तो चेहरा आता कुणाच्या तरी मालकीचा आहे. अमिताभ बच्चन यांचं नाव, आवाज, छबी परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२मध्ये मनाई केली. २०२३मध्ये अनिल कपूर यांना तसंच संरक्षण मिळालं, त्यात 'झकास'सुद्धा आलं. आणि २०२३मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चक्क वॉरहॉलच्या वारसा-संस्थेविरुद्ध निकाल दिला. वॉरहॉलने गायक प्रिन्सचं चित्र एका महिला छायाचित्रकाराच्या फोटोवरून केलं होतं. ते चित्र पुढे मासिकाला वापरायला दिलं, तेव्हा तिचा हक्क डावलला गेला, असं बहुमताचं म्हणणं. म्हणजे चेहरा एकाचा, फोटो दुसऱ्याचा. मग चित्रात तुमचं काय उरतं?

तुमचं उरतं ते चेहऱ्याच्या मागचं. सलूनचा आरसा तुमचा. रिक्षाची फाटकी सीट तुमची. आजी मालिका बघताना टीव्हीतल्या सुनेला जे बोलते, ते तुमचं. हे कुणी कोर्टात मागायला येणार नाही आणि कुठल्याही मशीनला ते ठाऊक नाही, कारण त्याचा फोटो अजून कुणी काढलेलाच नाही. लाइकचं म्हणाल, तर बावीस जण थांबून बघणारे असतील तर ते बावीसशे डबल टॅपपेक्षा कमी नाहीत. निदान त्यांना दुसऱ्या दिवशी चित्र आठवेल.

हे रस्त्यावर कसं दिसतं ते बघायचं असेल, तर वांद्र्याला चॅपल रोडला चक्कर मारा. हरियाणातून आलेल्या रणजित दहिया यांनी २०१२पासून 'बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट'मध्ये भिंतींवर जुने सिनेस्टार रंगवलेत. अनारकलीच्या वेशातली मधुबाला तिथंच आहे. दहिया आधी घरांना चुना मारायचं काम करत, पुढे एनआयडीत शिकले. त्या भिंतीकडे बघताना नुसती मधुबाला बघू नका. भिंतीलगतची दुचाकी, वरची खिडकी, वाळत घातलेले कपडे, सेल्फी काढणारं जोडपं आणि त्यांच्यामधून पिशवी घेऊन वाट काढणारी बाई, हे सगळं मिळून ते चित्र आहे. रंगाचा पापुद्रा निघत असेल तर तोही.

तर या रविवारी एवढं करून बघा. नेहमीचं चेहऱ्याचं स्केच पूर्ण करा, हरकत नाही. पण फोटो गुगलवरून घेऊ नका. तो चेहरा तुमच्या परिसरात जिथं प्रत्यक्ष लावलाय तिथं जा. सलून, पानटपरी, जिम, मोबाइलचं दुकान, हॉस्टेलची खोली. तिथं तासभर बसा. दुकानदाराला आधी विचारा, बहुतेक जण चहा पाजतील. पोस्टर जसं आहे तसं काढा, कोपरा दुमडलेला असेल तर दुमडलेला, चिकटपट्टी पिवळी पडलेली असेल तर पिवळी. आणि मग त्याच्याखाली बसलेल्या माणसाला काढा, तेवढ्याच मेहनतीने, दाढीचा केस न् केस मोजून. चित्र झालं की टॅग करताना स्टारच्या आधी त्याचं नाव लिहा. अर्थात, त्यालाही विचारून.